घाट चढून आलेली शेवंड

“डोळं कुठं हायत ह्याचं?”

परातीतल्या शेवंडीच्या, म्हणजे समुद्रातल्या काटेरी लॉबस्टरच्या, शेपट्या बघून आबांनी पहिल्यांदा हेच विचारलं. मी त्या रात्रभर फ्रीजमध्ये विरघळायला ठेवल्या होत्या आणि सकाळी चाळणीतून परातीत काढल्या होत्या. सहा शेपट्या, हिरवट करड्या रंगाच्या, प्रत्येक पेऱ्यावर पांढरट आडवी रेघ. आबा चष्मा पुसत आले, वाकले आणि डोळे शोधू लागले.

आबांचं सगळं आयुष्य मासा डोळ्यांवरून ओळखण्यात गेलंय. आमचं मूळ गाव जावळीत, मेढ्याच्या वर, वेण्णेच्या खोऱ्यात. साताऱ्यात येऊन चाळीसेक वर्षं झाली, पण बाजारात आबा अजून गावाकडच्या सवयीनंच उभे राहतात. चिलापी असो, रोहू असो, नाहीतर नशिबानं मिळालेली मरळ, ते आधी डोळा बघतात. डोळा फुगीर आणि लख्ख हवा. मग अंगठ्यानं कल्ला उचलून आतला रंग बघतात, शेवटी पोट दाबतात. बोट रुतून खड्डा राहिला की पुढच्या पाटीकडे. लहानपणी मी त्यांच्या बोटाला धरून हे सगळं बघितलंय आणि आजही मासा घेताना माझा हात आपोआप कल्ल्याकडे जातो. मुंडकं कापून विकायला ठेवलेला मासा आबांनी कधी घेतला नाही. “मुंडकं काढलं म्हणजे काहीतरी झाकायचं असतंय,” असं ते म्हणतात.

आणि मी त्यांच्यासमोर सहा मुंडकी नसलेली जनावरं मांडली होती.

खरं तर त्यांच्या शंकेला माझा स्वतःचा आधार होता. दोन वर्षांपूर्वी मी पहिल्यांदा शेवंडीच्या शेपट्या आणल्या होत्या, एका दुकानातल्या गोठवलेल्या मालातून. दोनच शेपट्या, आणि त्याला मोजलेल्या पैशांत घरात दोनदा मटण झालं असतं. पाकिटात सगळा बर्फ एका कोपऱ्यात ढेकळासारखा साचला होता आणि मांसाच्या कापलेल्या बाजूला पांढरे, कोरडे डाग होते. आज मला त्याचा अर्थ कळतो. तो माल वाटेत कुठेतरी विरघळला होता आणि पुन्हा गोठवला होता. एकदा विरघळलेलं पाणी खाली उतरतं, तिथंच परत गोठतं, म्हणून ढेकूळ एका कोपऱ्यात. शिवाय हळूहळू गोठताना मोठे स्फटिक होतात, ते मांसाच्या पेशी फाडतात आणि पुढच्या वेळी विरघळताना त्यातला रस निघून जातो. हे तेव्हा माहीत असतं तर मी ते पाकीट तिथंच ठेवलं असतं.

पुढचं माझ्या हातून बिघडलं. घाई होती म्हणून शेपट्या गरम पाण्यात टाकल्या. बाहेरचा थर अर्धवट शिजला आणि आत बर्फ तसाच. मग मला जे येत होतं ते मी केलं. कांदा-खोबरं भाजून वाटलं, आईची डंकावर कुटलेली चटणी घातली, तेल सुटेपर्यंत परतलं, शेपट्यांचे तुकडे टाकले, वर झाकण, झाकणावर पाणी आणि मंद आच. मटण असंच होतं आमच्याकडे, कोंबडी अशीच होते. पंचवीस मिनिटांनी झाकण काढलं तर तुकडे आकसून निम्मे झाले होते. दातांखाली रबर. मागून एक उग्र वास येत होता, गोठ्यात मुताचा येतो तसा. आई काही बोलली नाही. आबांनी रस्सा बाजूला सारला आणि आमटी-भात खाल्ला. त्या रात्री ताटं उचलताना मला फार वाईट वाटलं. पैसे गेले त्याचं होतंच, पण जास्त वाटलं ते एवढ्या लांबून आलेल्या जिवाची आपण माती केली याचं.

त्यानंतर मी या विषयाच्या मागे लागले.

पहिली गोष्ट कळली ती मांसाबद्दल. बकऱ्याची मांडी म्हणजे आयुष्यभर अंगाचं ओझं वाहिलेला स्नायू. त्यात चिवट बंध असतात, कोलॅजनचे. त्यांना तास-दीड तास ओली आच लागते, तेव्हा कुठे ते वितळून रश्श्याला चिकटपणा येतो. आमच्या स्वयंपाकाची सगळी शिस्त या एका गोष्टीभोवती बांधलेली आहे. झाकण ठेवा, धीर धरा, घाई करू नका. शेवंडीची शेपटी याच्या अगदी उलट स्वभावाची. शेवंड समुद्राच्या तळाशी पायांवर चालते. शेपटी तिला रोजच्या चालण्यासाठी नसतेच. संकट आलं की ती शेपटी पोटाखाली फटकन दुमडते आणि त्या एका झटक्यानं पाणी ढकलून उलटी, मागच्या मागे सुटते. जीव वाचवण्याच्या त्या काही क्षणांसाठी एवढा मोठा स्नायू तिनं बाळगलेला असतो. पांढरा, वेगवान, चिवट बंध फारच थोडे. त्याला मऊ करण्यासारखं काही नाहीच, तो मऊच असतो. आपण फक्त तो कच्चा राहू द्यायचा नाही. साधारण ६५ अंशांच्या पुढे गेला की त्याचे तंतू आवळतात आणि आतलं पाणी पिळून बाहेर टाकतात. मी त्याला पंचवीस मिनिटं पिळत बसले होते.

दुसरी गोष्ट सांगितली माझ्या मामेभावानं. तो रत्नागिरीत मासळीच्या व्यवसायात नोकरी करतो. मी त्याला आबांचाच प्रश्न विचारला होता, की शेपट्याच का विकतात, डोकी का काढतात. “ताई, डोकं राहिलं तरच माल खराब होतो,” तो म्हणाला. शेवंडीचं सगळं पचनाचं कारभारघर डोक्याकडच्या भागात असतं. जीव गेला की तिथली पाचक रसायनं थांबत नाहीत, ती शेजारच्या मांसावर सुटतात आणि काही तासांत शेपटीचा वरचा भाग पीठ झाल्यासारखा भुसभुशीत होतो. म्हणून शेवंड एकतर जिवंत विकायची, नाहीतर डोकं ताबडतोब वेगळं करून शेपटी गोठवायची. शिवाय आपल्या किनाऱ्यावरच्या शेवंडीला अमेरिकेकडच्या लॉबस्टरसारख्या जाड नांग्या नसतात. तिच्याकडे असतात त्या अंगापेक्षा लांब, काटेरी मिशा. खाण्याजोगं मांस जवळजवळ सगळं शेपटीत.

म्हणजे माशाच्या बाबतीत मुंडकं काढणं ही लपवाछपवी असेल, पण शेवंडीच्या बाबतीत तीच राखण आहे. हे आबांना समजावण्यासाठी मी वाट बघत होते.

मामेभाऊ डिसेंबरात सातारला आला तो थर्माकोलची पेटी घेऊन. रत्नागिरीहून चिपळूण, मग कुंभार्ली घाट चढून कोयनानगर, पाटण, उंब्रज आणि सातारा. पेटीला चिकटपट्टीचे तीन वेढे होते आणि वाटेत त्यानं ती एकदाही उघडली नव्हती. आतल्या शेपट्या दगडासारख्या कडक, प्रत्येक वेगळी गुंडाळलेली, प्रत्येकीवर काचेसारखा पातळ बर्फाचा थर. हा थर मुद्दाम चढवतात, गोठलेली शेपटी थंड पाण्यात बुडवून. त्यामुळे मांसाला हवा लागत नाही आणि ते वाळत नाही. एकेक शेपटी दीडशे ते पावणेदोनशे ग्रॅमची होती. या वेळी मी घाई केली नाही. रात्री चाळणीत मांडल्या, चाळण परातीवर ठेवली, वर ओलं फडकं आणि फ्रीजचा सगळ्यात खालचा कप्पा. सुटलेलं पाणी परातीत उतरलं, शेपट्या त्या पाण्यात बसून राहिल्या नाहीत.

तर आबा डोळे शोधत होते.

मी पाचक रसायनांचं सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, पण त्यांचं समाधान ऐकण्यानं होत नाही. त्यांनी एक शेपटी उचलली, नाकाजवळ नेली आणि डोळे मिटले. “दर्याचा वास हाय,” म्हणाले, “घाण न्हाय.” उग्र वास असता, अमोनियाचा, तर बोलणंच खुंटलं असतं. मग त्यांनी कापलेल्या बाजूचं मांस अंगठ्यानं दाबलं, ते दबलं आणि परत वर आलं. कडेला काळे डाग आहेत का ते बघितलं. आणि मग शेपटी उलटी केली.

इथं आबा थांबले. शेपटीच्या पोटाकडची बाजू मऊ असते. तिथं कठीण कवच नसतं, पातळ पारदर्शक पापुद्रा असतो, आणि दोन्ही कडांना जोडीजोडीनं छोटी वल्ही असतात, पानासारखी. आबांनी एक वल्हं नखानं उचललं. दुसरं उचललं. मग म्हणाले, “अगं, ही तर खेकडी हाय. सरळ केलेली.”

मला आधी कळलं नाही. त्यांनीच दाखवलं. खेकडा उलटा केला की पोटावर एक पट्टी घट्ट चिकटून बसलेली दिसते. नराची अरुंद, टोकदार. मादीची रुंद, जवळजवळ गोल. गावाकडे नर-मादी त्या पट्टीवरूनच ओळखतात. ती पट्टी नखानं उचलली की आत अशीच वल्ही असतात. आबांनी ती हजार वेळा उचललीय. ती पट्टी म्हणजे खेकड्याची शेपटीच, पोटाखाली दुमडून चपटी झालेली. शेवंडीनं तीच लांब आणि मांसल ठेवली. दोघीही दहा पायांच्या. पुस्तकं चाळून दोन वर्षांत मला जे नातं नीट दिसलं नव्हतं, ते आबांना एक वल्हं उचलून दिसलं.

पहिल्या पावसात वेण्णेच्या खोऱ्यात खेकडी बाहेर पडतात. ओढ्याच्या कडेनं, भाताच्या बांधांच्या बिळांतून. आबा आणि त्यांचे भाऊ कंदील घेऊन जायचे. त्यात एक नियम होता आणि तो मोडलेला मी पाहिला नाही. पट्टी उचलल्यावर आत पिलं दिसली की ती खेकडी परत पाण्यात. गोड्या पाण्यातल्या खेकडीची पिलं अंड्यातूनच पूर्ण खेकडा होऊन बाहेर येतात, नखाएवढी, आणि काही दिवस आईच्या पोटाखालीच बसून राहतात. कंदिलाच्या उजेडात ती वळवळणारी पिलं मी बघितलीत. शेवंडीचं तसं नाही. तिच्या वल्ह्यांना लाखांच्या घरात अंडी चिकटलेली असतात. त्यातून निघणारं पिलू काचेच्या पानासारखं चपटं, आरपार दिसणारं, आणि ते कित्येक महिने खुल्या समुद्रात प्रवाहाबरोबर वाहत राहतं. त्या वाहण्यात बहुतेक सगळी जातात. म्हणूनच चिलापीसारखी शेवंड अंड्यापासून सहज वाढवता येत नाही. आपल्या ताटात येते ती जवळजवळ प्रत्येक शेवंड रानातलीच, म्हणजे समुद्रातली, कुणी न पाळलेली.

कापण्याचं काम मग आबांनी हातात घेतलं. मी कात्री धरली होती, पण कवचाचे काटे बोटात घुसत होते. त्यांनी जाड फडकं हाताभोवती गुंडाळलं आणि शेपटी पाठ वर करून धरली. कवच आणि मांस यांच्या मधून कात्रीचं खालचं पातं सरकवायचं, ते पातं कवचाकडे उचलून धरायचं आणि मधोमध कापत जायचं, पंख्याच्या अलीकडे थांबायचं. पेरी सहा आणि शेवटी पाच पाकळ्यांचा पंखा. पंखा शाबूत ठेवायचा. मग दोन्ही अंगठे चिरेत घालून कवच पुस्तकासारखं उघडायचं. कड्कन आवाज होतो. आता बोट आत घालून मांस कवचापासून सोडवत न्यायचं, खालच्या पापुद्र्यापासूनही, आणि फक्त पंख्याकडचं टोक जोडलेलं ठेवायचं. मांस वर उचलून कवच खाली मिटलं की ते कवचाच्याच पाठीवर बसतं. मधून जाणारा काळा दोरा, म्हणजे आतडं, कोळंबीचा काढतो तसा ओढून काढायचा. फ्लोरिडाकडचे मच्छीमार म्हणे त्यासाठी शेवंडीच्याच मोडलेल्या काटेरी मिशीचा तुकडा मागून आत घालतात आणि फिरवून ओढतात. आमच्याकडे मिशा नव्हत्या, सुईनं काम झालं.

शिजवण्याचे मी दोन मार्ग ठरवले होते. दोन शेपट्या पाण्यात उकळायच्या आणि उरलेल्या चार वर उघडलेल्या, ओव्हनमध्ये. पाणी खारट हवं, समुद्रासारखं. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं. एवढं घातलं तरी मांस खारट होत नाही, कारण ते पाण्यात राहतं मोजकीच मिनिटं. या दोन शेपट्यांचं कवच मी कापलं नव्हतं, फक्त पोटाकडून एकेक बांबूची काडी लांबीनं खुपसली होती. नाहीतर उकळत्या पाण्यात शेपटी आकडा होऊन वळते, शेवटच्या झटक्यासारखी, आणि आतली बाजू कच्ची राहते. खळखळत्या पाण्यात सहा मिनिटं.

ओव्हनसाठी घरचं लोणी होतं. बाजारच्या लोण्याला तूप करताना जसं कढवतात तसं मी ते अर्धवट कढवलं, पाणी उडून गेलं आणि गाळ खाली बसला तेव्हा वरचं सोनेरी तेवढं घेतलं. त्यात ठेचलेला लसूण, मीठ आणि लिंबाचे चार थेंब. मांसावर फासलं आणि वरची सळई तापवून ठेवलेल्या ओव्हनमध्ये २३० अंशांवर चारही शेपट्या आत गेल्या. मग मी काचेसमोर स्टूल घेऊन बसले.

आणि इथं आमच्या घरातली सगळी शिकवण मला मागं ओढत होती. अजून पाच मिनिटं राहू दे, कच्चं राहिलं तर? आईही दारातून तेच म्हणाली. “एवढ्यात कसं गं शिजंल?” माझ्याकडे एक स्वयंपाकाचा तापमापक आहे, साखरेच्या पाकासाठी घेतलेला. तो मी सगळ्यात जाड भागात खुपसला. सातव्या मिनिटाला ५४. आठव्याला ६०. तेवढ्यावर मी ताट बाहेर काढलं. बाहेर काढल्यावरही आतली उष्णता चढत राहते. मी बघत उभी राहिले, आकडा ६३ वर गेला आणि थांबला. अमेरिकेच्या अन्नसुरक्षेच्या नियमांत मासळीसाठी सांगितलेलं तापमान तेवढंच आहे. तापमापक नसेल तर डोळ्यांनीही कळतं. कच्चं मांस ओल्या काचेसारखं धुरकट असतं, शिजलं की जाड भागापर्यंत दुधासारखं पांढरं होतं. पण तो क्षण फार लहान असतो. स्टुलावरून उठायचं नाही.

रंगाचं मात्र काय सांगू. हिरवट करडं कवच आत गेलं होतं आणि बाहेर आलं ते पिकल्या टोमॅटोसारखं. खेकडा लाल होतो, कोळंबी लाल होते, हे आम्ही रोज बघतो, पण कारण मी कधी शोधलं नव्हतं. लाल रंग कवचात आधीपासूनच असतो. अस्टॅक्झँथिन नावाचं रंगद्रव्य, शेवंडीच्या खाण्यातून आलेलं. जिवंतपणी ते एका प्रथिनाच्या मिठीत बांधलेलं असतं आणि त्या मिठीत त्याचा रंग निळा-हिरवा दिसतो. उष्णतेनं प्रथिन उलगडतं, मिठी सुटते आणि लाल मोकळा होतो.

आम्ही स्वयंपाकघरातच खाली बसून खाल्लं. माझा भाचा तेव्हा घरी होता, त्याला मी दिलं नाही. त्याला कोळंबीनं अंगावर गांधी उठतात, आणि ज्या प्रथिनामुळे उठतात ते ट्रोपोमायोसिन शेवंडीतही असतं आणि शिजवल्यानं जात नाही. तो रुसला, पण हा विषय रुसण्याचा नाही. बाकी आम्ही तिघांनी आणि मामेभावानं भाकरी बाजूला ठेवली आणि आधी नुसतंच मांस घेतलं. दातांखाली किंचित करकर, मग गोडवा. लोण्याच्या मागून येणारा, ताज्या खोबऱ्याच्या जवळचा गोडवा. आबांनी दुसरा घास घेण्याआधी पहिला पूर्ण संपवला, बराच वेळ घोळवून. पाण्यात उकळलेली शेपटी मला जास्त आवडली हेही सांगते. तिच्यात दुसरं काहीच नव्हतं, फक्त शेवंड होती.

आई मात्र दोन घास खाऊन थांबली. “चांगलं हाय,” म्हणाली, “पण जेवल्यासारखं वाटंना.” मला तिचं म्हणणं पटलं. आमच्या जिभेला रस्सा लागतो, भाकरी कुस्करायला काहीतरी लागतं. दोन वर्षांपूर्वी मी चटणीचा दोष धरला होता आणि या खेपेला ती डब्यातून काढलीच नव्हती. म्हणजे मीच आईच्या चटणीला घराबाहेर ठेवलं होतं.

आबा तोवर ताटातली कवचं गोळा करत होते. मी ती टाकणार होते. “टाकती काय? खेकडीचं पाय टाकतो का आपण?” असं म्हणून ते खलबत्ता घेऊन बसले.

खेकड्याचा रस्सा आमच्याकडे असाच होतो. पायांत मांस जवळजवळ नसतं. ते पाय खलबत्त्यात ठेचायचे, पाणी घालून चोळायचे, गाळून घ्यायचं आणि ते पाणी रश्श्याला. रश्श्याची सगळी चव त्या पाण्यात असते. आबांनी सहा शेपट्यांची कवचं फोडली, पंख्यांसकट. आईनं ती तव्यावर थोड्या तेलात खमंग भाजली, घरभर वास सुटला, मग पाणी घालून अर्धा तास उकळली आणि तलम फडक्यातून गाळली. काट्याकवचाचा कण राहू नये म्हणून दोनदा. पाणी नारिंगी आणि दाट झालं होतं. फ्रान्समध्ये असंच कवच भाजून, उकळून सूप करतात, त्याला बिस्क म्हणतात. आईला ते नाव मी सांगितलं नाही, तिला त्याची गरजही नव्हती. तिनं सुकं खोबरं आणि तीळ भाजले, कांदा जाळावर काळा होईतो भाजला, लसूण-आलं-कोथिंबीर घालून वाटण केलं आणि डब्यातली चटणी काढली. तेल सुटेपर्यंत परतलं, त्यावर ते नारिंगी पाणी ओतलं, मामेभावानं आणलेली दोन आमसुलं टाकली. तिला जितका वेळ उकळायचं होतं तितका वेळ उकळू दिलं. गाळलेलं पाणी मांसासारखं आवळत नाही.

उरलेल्या एका शेपटीचे तुकडे मी गॅस बंद केल्यावर रश्श्यात सोडले. ते आधीच शिजलेले होते, त्यांना फक्त ऊब लागायची होती. वर झाकण. हे झाकण मटणाचं नव्हतं, दोनच मिनिटांचं होतं.

त्या दिवशी आम्ही दुसऱ्यांदा जेवलो. ज्वारीची भाकरी, रस्सा आणि इंद्रायणीचा भात. आईनं वाटी दोनदा भरून घेतली. आपली चटणी, आपली मंद आच, आपलं थांबणं यातलं काही चुकीचं नव्हतं. मी ते सगळं मांसावर लादलं होतं, त्याची जागा कवचात होती. आईचा हात कवचाला लागला आणि मांसाला मी हात आवरला, तेव्हा ते घरचं झालं.

जेवून आबांनी मामेभावाला विचारलं, पिलंवाली पकडतात का रे तिकडं? मामेभावानं खरं ते सांगितलं. अंडी असलेली मादी परत समुद्रात सोडावी असं सगळे सांगतात, काही सोडतात, काही सोडत नाहीत. निर्यातीसाठी २००३ पासून किमान वजनाचा नियम आहे. आपल्याकडच्या या चिखलातल्या शेवंडीला जिवंतपणी ३०० ग्रॅम, त्याखालची परदेशी पाठवता येत नाही. जून-जुलैत तर यांत्रिक होड्यांना बंदीच असते आपल्या राज्यात. पण जाळ्यात एकदा लहान शेवंड आली की तिला सोडायचं की गावातल्या बाजारात विकायचं हे त्या होडीवरचा माणूस ठरवतो. मुंबईच्या पाण्यात पूर्वी चपट्या अंगाची, मिशांऐवजी रुंद पाती असलेली आणखी एक शेवंड भरपूर मिळायची. ट्रॉलरच्या जाळ्यांत ती अंड्यांसकट येत राहिली आणि १९९० च्या दशकात तिची मासेमारीच कोसळली. आबा ऐकत होते. जावळीच्या ओढ्यांतही खेकडी आता पूर्वीसारखी दिसत नाहीत, ते तेवढंच म्हणाले.

मी मामेभावाला सांगून ठेवलंय की दीडशे ग्रॅमच्या आतली शेपटी आमच्याकडे आणायची नाही, आणि वर्षातून एकदाच आणायची. आम्हाला तेवढी पुरे आहे.

जाताना तो रिकामी पेटी गाडीत ठेवत होता. आबा फाटकापर्यंत गेले. “पुढच्या डावाला एक तरी मुंडक्यासकट आण,” त्याला म्हणाले. “खातोय तर डोळं बघितलं पायजेत मी.”

“आतोबा, मुंडक्यासकट म्हणजे जिवंतच आणायला लागंल. सहा-सात तासांचा रस्ता आहे.”

“पाण्याबाहेर किती दम धरती?”

“गार आणि ओली ठेवली तर बराच वेळ धरते. विमानानं जिवंतच जातात त्या परदेशी, ओल्या भुशात.”

आबांनी क्षणभर विचार केला. मग ते मागच्या पडवीत गेले. तिथं गावाकडून खेकडी आणायचं गोणपाट खुंटीला असतं, उन्हापावसात विटलेलं, कडेला सुतळीनं शिवलेलं. ते त्यांनी झटकलं, घडी घातली आणि मामेभावाच्या गाडीत पेटीवर ठेवलं. “हे भिजवून गुंडाळ,” म्हणाले. “आणि घाटात थांबून एकदा पाणी शिंपड.”